रे डॉल्बी : खरखर घालवणारा अभियंता आणि पेटंटांवर उभी राहिलेली कंपनी

बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ साजरा करण्याची आवाहने पोलीस करतात, मंडळांच्या बैठकांत त्यावर खल होतो आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही हा शब्द याच अर्थाने छापला जातो. हे मुळात एका अमेरिकी अभियंत्याचे आडनाव आहे आणि त्या अभियंत्याने हयात घालवली ती ध्वनिमुद्रणातील नको असलेला आवाज कमी करण्यात, ही गोष्ट मात्र या वापरात पार हरवून गेली आहे. मिरवणुकीतील त्या भिंतींचा आणि डॉल्बी लॅबोरेटरीज या कंपनीचा काडीमात्र संबंध नाही.

रे मिल्टन डॉल्बी (१८ जानेवारी १९३३ – १२ सप्टेंबर २०१३) हे विद्युत अभियंता, भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉल्बी लॅबोरेटरीजचे संस्थापक. अमेरिकेत त्यांच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंटे आहेत. पण उद्योगजगताच्या इतिहासात त्यांचे स्थान केवळ संशोधक म्हणून नाही. स्वतः कारखानदार न होता शोध इतरांना परवान्यावर वापरू द्यायचा आणि प्रत्येक विकल्या गेलेल्या नगामागे अल्पसे स्वामित्वशुल्क घ्यायचे, या पद्धतीवर त्यांनी एक जागतिक कंपनी उभी केली. आज या कंपनीच्या एकूण उत्पन्नातील नऊ दशांशांहून अधिक वाटा परवान्यांतून येतो. दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी, लॅपटॉप किंवा मोटारीतील संगीतयंत्रणा विकत घेणाऱ्या ग्राहकाने तिला कधी थेट एक पैसाही दिलेला नसतो, आणि तरीही बहुतेकांनी तो दिलेला असतो.

डॉल्बी यांचा जन्म ओरेगन राज्यातील पोर्टलंडचा. बालपण सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील भागात गेले. शाळेत असताना अ‍ॅम्पेक्स कंपनीचे संस्थापक अलेक्झांडर पोनियाटॉफ यांच्या एका व्याख्यानासाठी चित्रदर्शक यंत्र चालवायला कोणीतरी हवे होते. त्या कामाला हा मुलगा पुढे आला, आणि त्या ओळखीतून शाळकरी वयातच अ‍ॅम्पेक्समध्ये सुट्टीचे व फावल्या वेळचे काम त्याला मिळाले. हे १९४९ च्या सुमाराचे. ध्वनिफितीचे तंत्र तेव्हा अमेरिकेत नुकते रुजत होते आणि अ‍ॅम्पेक्स त्यातील अग्रणी कंपनी होती.

पुढे चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अ‍ॅम्पेक्सने दृश्यफितीचे यंत्र बनवण्याचा उद्योग आरंभला तेव्हा विशीतला डॉल्बी त्या चमूत होता. त्याची पदवीही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. हे यंत्र १९५६ च्या एप्रिलमध्ये शिकागो येथे प्रक्षेपकांच्या अधिवेशनात दाखवले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सीबीएस वाहिनीने त्यावरून बातम्या प्रक्षेपित केल्या. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम साठवून नंतर दाखवता येतो, ही आज कोणाला सांगावीही न लागणारी गोष्ट त्या दिवसापर्यंत व्यवहारात शक्य नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी डॉल्बी यांनी १९५७ मध्ये घेतली, म्हणजे जगाचे दूरचित्रवाणीचे गणित बदलणाऱ्या यंत्रानंतर.

त्यानंतर मार्शल शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. १९६१ मध्ये दीर्घ तरंगलांबीच्या क्ष-किरणांवरील प्रबंधास त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पेम्ब्रोक महाविद्यालयाने त्यांना अधिछात्र नेमले. पुढे पत्नी झालेल्या डागमार यांची भेटही केंब्रिजचीच. इथवरचा आलेख पाहिला तर हा माणूस एखाद्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून स्थिरावेल असे कोणालाही वाटले असते.

तसे घडले नाही, आणि त्या वळणावर भारत येतो. १९६३ मध्ये युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून डॉल्बी भारतात आले. वैज्ञानिक उपकरणे देशातच तयार व्हावीत या हेतूने १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था दिल्लीहून चंदीगडला हलवली गेली होती. तिच्या उभारणीत साहाय्य करणे हे त्यांचे काम. दोन वर्षे ते इथे राहिले. सोबत ध्वनिमुद्रण यंत्र होते आणि फावल्या वेळात ते भारतीय संगीत मुद्रित करीत. तंबोऱ्याच्या सुरांवर सावकाश उलगडत जाणारे गायन-वादन हे फितीची परीक्षा पाहणारे असते. सूर मंद होत गेला की मागून फितीची ‘स्स्स’ अशी खरखर ऐकू येऊ लागते. ही खरखर घालवायची कशी, या प्रश्नाचे उत्तर डॉल्बी यांना भारतातील वास्तव्यातच सुचत गेले. आपल्याकडील संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या योगायोगाची फारशी दखल घेतलेली नाही.

ही खरखर येते कोठून? ध्वनिफितीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. फितीवर काहीही मुद्रित केलेले नसले तरी त्या कणांच्या विस्कळीत रचनेमुळे वाचनशीर्षावर एक सततचा बारीक आवाज उमटतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात याचा ताप दुहेरी होता. मूळ फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती काढताना प्रत्येक पायरीवर खरखरीची भर पडे. शिवाय साठच्या दशकात एकाच फितीवर अनेक मार्गिका मुद्रित करून त्या नंतर एकत्र करण्याची पद्धत आली. तेव्हा सोळा मार्गिकांसोबत सोळा खरखरीही एकत्र होऊ लागल्या.

यावर उपाय शोधणारे डॉल्बी हे पहिले नव्हेत. मुद्रण करताना आवाजाचा चढउतार दाबायचा आणि ऐकवताना तो पुन्हा ताणायचा, ही युक्ती आधीपासून ठाऊक होती. मात्र त्यात सबंध आवाजालाच हात घातला जाई, त्यामुळे पियानोच्या प्रत्येक आघातामागे खरखर श्वास घेतल्यासारखी वरखाली होत असे. रोग परवडला पण औषध नको, अशी ध्वनिमुद्रकांची गत होती.

डॉल्बी यांचा विचार वेगळ्या टोकापासून सुरू झाला. मोठा आवाज चालू असतो तेव्हा कानाला खरखर ऐकूच येत नाही, कारण मोठा आवाज तिला झाकून टाकतो. म्हणजे मोठ्या आवाजाला काहीच करण्याची गरज नाही. प्रश्न फक्त हळू आवाजाचा आहे. म्हणून मुख्य आवाज जसाच्या तसा सरळ वाटेने जाऊ द्यायचा, बाजूच्या एका वाटेने केवळ हळू आवाजाचा अंश वेगळा काढायचा आणि मुद्रणाच्या वेळी तो मुख्य आवाजात मिळवायचा. ऐकवताना नेमका तेवढाच अंश वजा करायचा. मिळवणे आणि वजा करणे या दोन क्रियांच्या मध्ये फितीने जी खरखर घातलेली असते तीही या वजाबाकीत सापडते. संगीत मूळ पदावर येते, खरखर मात्र खाली जाते. ढोलाच्या ठोक्याने बासरीच्या पट्टीतील खरखरीवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आवाजाचे चार पट्टे केले आणि प्रत्येकाला स्वतंत्र वागणूक दिली. परिणाम सुमारे १० डेसिबलचा, अतिउच्च स्वरांत त्याहून अधिक. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखे जाणवते.

१९६५ मध्ये लंडनला परतून त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज स्थापन केली. हाताखाली चार माणसे होती. डेका या प्रतिष्ठित ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांची यंत्रे प्रथम घेतली आणि अभिजात संगीताच्या मुद्रणासाठी ती वापरली. ‘डॉल्बी ए’ नावाची ही प्रणाली केवळ व्यावसायिक स्टुडिओंसाठी होती. किमतीने भारी, आकाराने अवजड. ती यंत्रे कंपनी स्वतः बनवून विकत असे. इथवर हा व्यवसाय इतर कोणत्याही उपकरण-निर्मात्यासारखाच होता.

त्याला कलाटणी मिळाली ती अमेरिकेतील ध्वनियंत्र उत्पादक हेन्री क्लॉस यांच्यामुळे. घरगुती यंत्रांसाठी हीच युक्ती सोपी व स्वस्त करून द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. चार पट्ट्यांऐवजी केवळ वरच्या स्वरांना लागू होणारा एकच सरकता पट्टा, अशी ‘डॉल्बी बी’ प्रणाली १९६८ मध्ये क्लॉस यांच्या केएलएच कंपनीच्या यंत्रात आली. तिचा खरा उपयोग मात्र एका अनपेक्षित ठिकाणी झाला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट ही मुळात बोलणे टिपून ठेवण्यासाठी होती. तिची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. स्टुडिओतील फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावे. इतक्या अरुंद, संथ फितीवर खरखर इतकी असे की तिच्यावर कोणी मनापासून संगीत ऐकेल ही कल्पनाच कोणी केली नव्हती. डॉल्बी बी जोडल्यावर ती ऐकण्याजोगी झाली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी डॉल्बीयुक्त कॅसेट यंत्रे बाजारात आली आणि पुढील पंधरा वर्षांत बऱ्यापैकी दर्जाच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ते दोन ‘डी’ पाठीला पाठ लावून उभे असलेले चिन्ह दिसू लागले.

या ठिकाणी डॉल्बी यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पेटंट स्वतःपुरते ठेवून स्वतःच कॅसेट यंत्रे बनवायची. एखाद्या बड्या कंपनीला मक्ता द्यायचा. किंवा जो मागेल त्याला परवाना द्यायचा. त्यांनी तिसरी निवडली. वरवर पाहता ती सर्वांत भिडस्त वाट वाटते, पण बारकाईने पाहिल्यास तीत मोठा व्यवहार आहे. डॉल्बी बीमध्ये मुद्रित केलेली कॅसेट डॉल्बी बी असलेल्या यंत्रावरच नीट वाजते. म्हणजे यंत्रे जितकी जास्त तितक्या कॅसेट जास्त, आणि कॅसेट जितक्या जास्त तितकी यंत्रे जास्त. एका कारखान्यापुरता मर्यादित राहिलेला उत्कृष्ट शोध इथे निरुपयोगी ठरला असता.

परवान्याच्या अटीही विचारपूर्वक ठरवलेल्या होत्या. शुल्क यंत्राच्या किमतीच्या टक्केवारीवर नव्हते, तर नगामागे होते, आणि उत्पादन वाढेल तसा दर उतरत जाई. दर इतका कमी ठेवलेला होता की त्यासाठी न्यायालयात भांडणे किंवा स्वतःची पर्यायी प्रणाली विकसित करणे कोणत्याही उत्पादकाला महागच पडावे. कंपनी स्वतः घरगुती यंत्रे बनवीत नसल्याने परवानाधारकाला ती प्रतिस्पर्धी वाटत नसे. उलट तिचे अभियंते त्याला मांडणीत मदत करीत. आणि मोबदल्यात दोन गोष्टी सक्तीच्या होत्या : नमुना तपासणीत उतरला पाहिजे, आणि यंत्रावर डॉल्बीचे चिन्ह ठरल्या पद्धतीनेच लावले पाहिजे.

याच काळात फिलिप्सने कॅसेटचे तंत्र इतर उत्पादकांना विनाशुल्क वापरू दिले होते. कॅसेट जगभर पसरली ती त्यामुळे. म्हणजे एकाच वस्तूच्या दोन भागांवर दोन भिन्न धोरणे चालली होती. डबी फुकट आणि डबीतील खरखर घालवण्याचे तंत्र सशुल्क. दोन्ही धोरणे यशस्वी झाली, हे पेटंटांविषयी ठाम मते बाळगणाऱ्या दोन्ही पक्षांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

आखातातून गोव्यात आणि कोकणात आलेल्या ‘टू-इन-वन’ आणि डेकवरचे ‘डॉल्बी एनआर’ असे लिहिलेले बटण अनेकांना आठवत असेल. ते दाबले की आवाज दबल्यासारखा वाटे म्हणून बहुतेक जण ते बंदच ठेवीत. त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नव्हता. ज्या कॅसेटवर मुद्रणाच्या वेळी डॉल्बीची बेरीज झालेलीच नाही तिच्यातून बटण दाबून वजाबाकी केली तर खरखरीबरोबर गाण्याचे वरचे स्वरही जाणारच.

पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला एक करार असतो. संशोधकाने शोधाची रीत उघड करायची आणि बदल्यात ठराविक मुदतीपुरता त्यावर एकाधिकार भोगायचा. ही मुदत आता बहुतेक देशांत, भारतातही, अर्ज केल्यापासून २० वर्षे असते. मुदत संपली की शोध सर्वांचा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तर १९६४ मध्येच निर्णय दिला होता की पेटंट संपल्यानंतरच्या काळासाठी स्वामित्वशुल्क आकारता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. परवान्यांवर जगणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तिचा माल दररोज थोडा थोडा शिळा होत असतो.

डॉल्बी यांनी यावर दोन बाजूंनी उपाय केला. एक बाजू व्यापारचिन्हाची. पेटंट मरते, चिन्ह मात्र नूतनीकरण करीत राहिले तर मरत नाही. यंत्रावर चिन्ह सक्तीचे ठेवण्यामागील दूरदृष्टी इथे दिसते. ग्राहक दुकानात जाऊन ‘डॉल्बी आहे का?’ असे विचारू लागला, की उत्पादकाला पेटंटाची मुदत पाहून भागत नाही. या चिन्हाबाबत कंपनी किती दक्ष होती याचे एक गमतीदार उदाहरण म्हणजे ब्रिटिश पॉप गायक थॉमस डॉल्बी. मित्रांनी चेष्टेने दिलेले टोपणनाव त्याने रंगमंचासाठी घेतले आणि कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला. अखेर तडजोड झाली ती ‘थॉमस’ हे नाव जोडल्याशिवाय ‘डॉल्बी’ वापरायचे नाही या अटीवर. झेरॉक्स आणि डालडा या शब्दांचे मराठीत काय झाले हे पाहिले की अशी दक्षता का लागते ते कळते. सीमाभागात ‘डॉल्बी’चे जे झाले आहे ते तर त्याही पलीकडचे. तिथे नाव सामान्यनाम झाले एवढेच नव्हे, तर त्याचा अर्थही नेमका उलटा झाला.

दुसरी बाजू नव्या शोधांची. १९८० मध्ये ‘डॉल्बी सी’, १९८६ मध्ये व्यावसायिक वापरासाठी ‘एसआर’, दशकाच्या अखेरीस ‘एस’ अशा सुधारित प्रणाली येत राहिल्या. परंतु याहून मोठी उडी चित्रपटगृहात होती. सत्तरच्या दशकापर्यंत चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला असलेल्या प्रकाशीय पट्टीवरून वाचला जाई आणि तो तिसच्या दशकाहून फारसा सुधारलेला नव्हता. १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’च्या ध्वनिमिश्रणात डॉल्बी प्रणाली वापरली गेली. पुढे त्याच जुन्या पट्टीच्या रुंदीत दोन मार्गिका बसवून त्यांत चार दिशांचा आवाज गुंफण्याचे ‘डॉल्बी स्टिरिओ’ तंत्र आले. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ हे दोन चित्रपट या तंत्रात प्रदर्शित झाले आणि चित्रपटगृहांच्या मालकांनी आपणहून यंत्रणा बसवण्यास सुरुवात केली. नव्वदच्या दशकात हिंदी चित्रपटांच्या फलकांवर हा शब्द ठळकपणे झळकू लागला. बहुधा तिथूनच तो दणदणीत आवाजाशी जोडला जाऊन गावोगावच्या मंडपांत पोहोचला असावा.

१९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर ‘डॉल्बी डिजिटल’ आले. याच्या मुळाशी असलेले ध्वनिसंक्षेपणाचे तंत्र डीव्हीडीच्या आणि अमेरिकी डिजिटल दूरचित्रवाणीच्या मानकांत समाविष्ट झाले, आणि कंपनीच्या स्वरूपात मूलभूत बदल घडला. कॅसेट यंत्रावर डॉल्बी बसवायचे की नाही हा उत्पादकाचा निर्णय असे. मानकात गेलेल्या तंत्राबाबत असा निर्णय उरत नाही. ज्याला मानकानुसार उपकरण बनवायचे आहे त्याला परवाना घ्यावाच लागतो. म्हणूनच अशा पेटंटधारकांकडून ‘वाजवी, रास्त आणि भेदभावरहित’ अटींवर परवाना देण्याचे वचन घेतले जाते. या तीन विशेषणांचा नेमका अर्थ काय, यावर जगभरातील न्यायालयांत आजही वाद चालू आहेत.

या साऱ्या वाढीत स्वतः डॉल्बी कोठे होते? १९७६ मध्ये त्यांनी कंपनीचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला नेले. १९८३ मध्ये दैनंदिन कारभार बिल जॅस्पर यांच्या हाती सोपवून ते अध्यक्षपदावर राहिले आणि पुन्हा प्रयोगशाळेत रमले. ‘एसआर’ प्रणाली ही त्या निवृत्तिसदृश निर्णयानंतरची त्यांची निर्मिती. आपण निर्माण केलेली कंपनी चालवण्यास आपल्यापेक्षा दुसरा माणूस योग्य आहे, हे पन्नाशीत ओळखणारे संस्थापक विरळा. परंतु कारभार सोडणे म्हणजे मालकी सोडणे नव्हे, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. कंपनी त्यांची असूनही त्यांनी लावलेल्या शोधांचे हक्क त्यांनी वैयक्तिकरीत्या स्वतःकडे ठेवले होते आणि कंपनी त्यांना त्याबद्दल स्वामित्वशुल्क देत असे. जगाला परवाने देणारी ही कंपनी स्वतःच तिच्या संस्थापकाची परवानाधारक होती. भांडवली बाजारात उतरण्याच्या तयारीत हे हक्क कंपनीकडे आले. फेब्रुवारी २००५ मध्ये प्रत्येकी १८ डॉलर दराने समभाग विकून सुमारे ४९.५ कोटी डॉलर उभे राहिले. समभाग दोन वर्गांचे होते. कुटुंबाकडील समभागाला दहा मते, बाजारातील समभागाला एक. नियंत्रण डॉल्बी कुटुंबाकडेच राहिले. २००९ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले, त्याच वर्षी जॅस्पर यांच्या जागी केव्हिन येमन मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप किमतीचा. परवान्याचे शुल्क अखेर ग्राहकाच्या खिशातूनच जाते आणि स्वस्त उपकरणाच्या किमतीत त्याचा भार अधिक जाणवतो. भारतात हा मुद्दा भ्रमणध्वनींच्या निमित्ताने पुढे आला. २०१६ मध्ये ओपो आणि विवो या चिनी नाममुद्रांविरुद्ध डॉल्बीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा तात्पुरती व्यवस्था म्हणून नगामागे ३४ रुपये जमा करण्याच्या अटीवर विक्री चालू ठेवण्यास परवानगी मिळाली होती. एका फोनमागे ३४ रुपये ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण एका फोनमध्ये ध्वनी, दृश्य, संपर्क अशा निरनिराळ्या तंत्रांवरील अनेक पेटंटधारकांचे असे ३४ रुपये असतात, आणि दहा हजारांच्या आतला फोन बनवणाऱ्या उत्पादकाचे नफ्याचे गणित त्या बेरजेवर फिरते.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. किती नग विकले हे परवानाधारकानेच सांगायचे असते आणि त्याची शहानिशा करण्यासाठी कंपनी लेखातपासणीचा हक्क राखून ठेवते. यातून खटके उडतात. २०१८ मध्ये डॉल्बीने सॉफ्टवेअर क्षेत्रातील अ‍ॅडोबी कंपनीवर याच स्वरूपाच्या तक्रारीवरून अमेरिकेत दावा दाखल केला होता.

जी कंपनी काहीही निर्माण न करता केवळ विकत घेतलेल्या पेटंटांच्या बळावर खटले भरते तिला अमेरिकेत हेटाळणीने ‘पेटंट ट्रोल’ म्हणतात. डॉल्बी लॅबोरेटरीजला हे विशेषण लावणे अन्यायाचे ठरेल. उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा ती संशोधनावर खर्च करते, आणि २०१२ मध्ये आलेले ‘अ‍ॅटमॉस’ वा त्यानंतरचे चित्रतंत्र ‘डॉल्बी व्हिजन’ हे तिच्याच प्रयोगशाळांतून निघाले. डॉल्बी डिजिटलची मूळ पेटंटे २०१७ मध्ये संपली त्यापूर्वीच हे नवे तंत्र बाजारात होते. मात्र अलीकडे तिची पावले दुसऱ्या दिशेनेही पडत आहेत. अनेक कंपन्यांची पेटंटे एकत्र करून त्यांचा सामायिक परवाना देणाऱ्या व्हाया या उपक्रमात २०२३ मध्ये एमपीईजी एलए ही याच क्षेत्रातील जुनी संस्था सामील झाली. २०२४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकची परवाना कंपनी ४२.९ कोटी डॉलरला विकत घेऊन पाच हजारांहून अधिक पेटंटे डॉल्बीने एका व्यवहारात आपल्याकडे आणली. ज्या कंपनीने आरंभी केवळ स्वतःच्या शोधांचे मोल घेतले, ती आता दुसऱ्यांच्या शोधांचाही साठा करीत आहे.

आणि समोर फिलिप्सच्या कॅसेटचा धडा गिरवणारे प्रतिस्पर्धी आहेत. सॅमसंगने २०१७ मध्ये डॉल्बी व्हिजनला पर्याय म्हणून ‘एचडीआर टेन प्लस’ आणले, ते तंत्राबद्दल स्वामित्वशुल्क न घेता. पुढे गूगल आणि सॅमसंग यांनी ‘इक्लिप्सा ऑडिओ’ हे अ‍ॅटमॉससारखा त्रिमितीय ध्वनी देणारे खुले, विनाशुल्क तंत्र मांडले, आणि २०२५ पासून ते दूरचित्रवाणी संचांत येऊ लागले. गूगलसारख्या कंपनीला असे तंत्र फुकट देणे परवडते, कारण तिचे उत्पन्न जाहिरातींतून येते. डॉल्बीपाशी असा दुसरा धंदा नाही.

रे डॉल्बी यांना या स्पर्धेचे हे रूप पाहता आले नाही. अखेरच्या काळात त्यांना अल्झायमरने ग्रासले होते. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रक्ताच्या कर्करोगाने सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. वय ८० वर्षे. त्याच्या आदल्याच वर्षी हॉलिवूडमधील कोडॅक थिएटरचे डॉल्बी थिएटर झाले होते आणि ऑस्करचा सोहळा आता तिथे होतो. स्वतः त्यांना १९८९ मध्ये आयोन अ‍ॅलन यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले होते, तर १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. त्यांच्या संपत्तीतून केंब्रिजमधील पेम्ब्रोक महाविद्यालयाला साडेतीन कोटी पौंडांची आणि कॅव्हेंडिश प्रयोगशाळेला साडेआठ कोटी पौंडांची देणगी मिळाली. कॅव्हेंडिशच्या नव्या वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले आहे.